काम पसंत पडलं नाही म्हणून बिल थांबवता येतं का? कॉन्ट्रॅक्टरकडून काम करून घेणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

फ्लॅटचं काम संपलं आहे आणि कॉन्ट्रॅक्टर शेवटचा हप्ता मागतो आहे. बाथरूममध्ये पाणी नहाणी ट्रॅपकडे न जाता दाराशी साचतं, कपाटाची एक झडप खाली घासते, हॉलच्या भिंतीवर रंगाचे ठिगळ दिसतात. घरात सगळे एकच म्हणतात, ‘आता त्याला एक पैसाही द्यायचा नाही.’ राग रास्त आहे. पण या एका निर्णयामुळे बाजू भक्कम असलेली माणसं हरलेल्या बाजूला जाऊन बसतात. काम वाईट झाल्याची तक्रार मागे पडते आणि ‘यांनी पैसे बुडवले’ हाच वादाचा विषय होतो.

म्हणून सांगायचं ते आधीच सांगतो. नाराजी हे पैसे थांबवण्याचं कारण नाही, उणीव हे कारण आहे. त्या उणिवेची रुपयांत किंमत काढा. तेवढीच रक्कम लेखी कारण देऊन थांबवा आणि बाकीची वेळेत देऊन टाका. हे नेमकं कसं करायचं, ते पुढे टप्प्याटप्प्याने येईल.

कायद्याची भूमिका

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ३७ प्रमाणे दोन्ही पक्षांनी आपापलं वचन पाळायचं असतं. एकाने करार मोडला तर दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, ते कलम ७३. भरपाई म्हणजे झालेलं नुकसान भरून निघणं, शिक्षा नव्हे. सहा लाखांच्या कामात चाळीस हजारांची उणीव निघाली, तर कायदा चाळीस हजारांचा विचार करतो, सहा लाखांचा नाही. शिवाय कलम ७० आहे. फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर मोबदला द्यावा लागतो. लेखी करार नसला किंवा तो सदोष निघाला, तरी कॉन्ट्रॅक्टर या कलमाचा आधार घेऊ शकतो.

इंग्लंडमधले दोन खटले हा फरक नीट दाखवतात. ते आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण विचाराची दिशा त्यांत स्वच्छ दिसते. ‘होनिग विरुद्ध आयझॅक्स’ (१९५२) मध्ये लंडनमधल्या एका फ्लॅटची सजावट आणि फर्निचर ७५० पाउंडांना ठरलं होतं. मालकाने ४०० पाउंड दिले, फ्लॅटमध्ये राहायला गेला, फर्निचर वापरू लागला आणि काम सदोष आहे म्हणून उरलेले ३५० पाउंड नाकारले. कपाटाचं दार बदलावं लागणार होतं, पुस्तकांची फळी आखूड पडली होती. दुरुस्तीचा खर्च सुमारे ५६ पाउंड निघाला. न्यायालयाने तेवढे वजा केले आणि बाकीचे सगळे द्यायला लावले. ‘बोल्टन विरुद्ध महादेव’ (१९७२) मध्ये मात्र ५६० पाउंडांची घर गरम ठेवण्याची यंत्रणा बसवूनही घर नीट गरम होत नव्हतं आणि खोल्यांत धूर यायचा. दुरुस्तीला सुमारे १७४ पाउंड लागणार होते. तिथे कंत्राटदाराला काहीच मिळालं नाही, कारण ज्यासाठी काम दिलं तो हेतूच साधला नव्हता.

आपल्याकडची बहुतेक घरगुती भांडणं पहिल्या प्रकारची असतात. लोक मात्र ती दुसऱ्या प्रकारची समजून वागतात.

पहिला टप्पा: तक्रारींची तीन भागांत वाटणी करा

कागद घ्या आणि प्रत्येक तक्रार लिहा. मग तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा मारा.

‘ठरल्याप्रमाणे नाही’: कोटेशनमध्ये आयएस ७१० मार्काचं मरीन प्लाय लिहिलं होतं आणि बसवलं आयएस ३०३ चं साधं प्लाय, किंवा तीन ड्रॉवर ठरले होते आणि दोनच केले.

‘कारागिरी सदोष’: कोटेशनमध्ये शब्द नसला तरी कुठल्याही जाणत्या मिस्त्रीकडून जे अपेक्षित आहे ते झालेलं नाही. बाथरूमच्या उताराबद्दल कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही, पण पाणी ट्रॅपकडेच गेलं पाहिजे.

‘पसंती’: तुम्ही शेड कार्डवर बोट ठेवून निवडलेला रंग भिंतीवर गडद वाटतो. शेजाऱ्यांचं किचन आपल्यापेक्षा चांगलं दिसतं.

तिसऱ्या भागातल्या तक्रारी यादीतून काढून टाका. हे जड जातं, पण पाच खऱ्या तक्रारींत तीन आवडीनिवडीच्या मिसळल्या की समोरचा त्या तिन्हींवरच बोलत राहतो आणि खऱ्या पाचही संशयास्पद ठरतात. ‘ग्राहकाचं समाधान होईल असं काम’ असं करारात लिहिलेलं असलं तरी आपल्या मर्जीवर सगळं सोडलंय असं मानून चालू नका. एखाद्या समंजस माणसाचं समाधान झालं असतं का, हा प्रश्न पुढे येणारच.

दुसरा टप्पा: करार कुठे आहे ते शोधा

‘आमचा करारच झाला नव्हता’ असं फार लोक म्हणतात. झाला होता. तो फक्त स्टॅम्प पेपरवर नव्हता. तोंडी बोलणी, कोटेशन, व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘ओके, काम चालू करा’ आणि बँकेतून गेलेला ॲडव्हान्स, हे सगळं मिळून करार होतो. सगळं एका फाइलमध्ये आणा: कोटेशन, त्यातले बदल, ड्रॉइंग, निवडलेल्या सॅम्पलचे फोटो, बँकेचे व्यवहार, रोख दिलेल्या पैशांच्या पावत्या. व्हॉट्सॲपचं संभाषण डिलीट करू नका आणि फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा. असा डिजिटल पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

हे कागद वाचताना चार गोष्टी शोधा: मालाचं वर्णन, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे ते, काम संपल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, आणि वाद झाल्यास लवादाकडे जाण्याची अट. पैशांचे टप्पे विशेष बारकाईने पाहा. ‘शेवटचे १० टक्के सर्व काम पूर्ण करून ताबा दिल्यावर’ असं लिहिलेलं असेल आणि काम खरोखर अपुरं असेल, तर तो हप्ता अजून देय झालेलाच नाही. तेव्हा तुम्ही पैसे अडवत नाही आहात, करार पाळत आहात. पत्रातही असंच लिहा.

तिसरा टप्पा: तपासणी

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तपासणी कॉन्ट्रॅक्टरच्या समोर करा आणि शक्यतो अंतिम बिल येण्याआधी करा.

बाथरूम: नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी भरा आणि किमान २४ तास ठेवा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी सांगा आणि नंतर त्यांच्या छताचा फोटो काढा. पाणी सोडल्यावर कुठे डबकं राहतं ते पाहा. तिथे पट्टी उभी धरून फोटो घ्या, म्हणजे खोली कळेल.

टाइल्स: लाकडी ठोकळ्याने हळू ठोका. पोकळ आवाज येतो त्या टाइलवर मास्किंग टेप लावा. सगळ्या टेप लावून झाल्या की पूर्ण भिंतीचा एक फोटो काढा. हा एकच फोटो दहा परिच्छेदांचं काम करतो.

फर्निचर: प्लायवरचा शिक्का मागच्या किंवा आतल्या बाजूला कुठेतरी दिसतो. सनमायका चढल्यावर तो झाकला जातो, त्यामुळे माल साइटवर उतरतो तेव्हाच फोटो घेतलेला बरा. तेव्हा राहून गेलं असेल तर प्लायच्या खरेदीचं बिल मागा. ते दाखवायला कॉन्ट्रॅक्टर तयार नसेल तर ती मागणीही लेखी असू द्या. झडपा, ड्रॉवर आणि बिजागऱ्या प्रत्येकी काही वेळा उघडझाप करून त्याचा व्हिडिओ घ्या.

वीज: प्रत्येक पॉइंट चालवून पाहा. अर्थिंगची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, हे घरच्या घरी उरकू नका.

रंग: दिवसाच्या उजेडात, भिंतीला समांतर पाहा. रात्री दिव्याखाली काढलेले फोटो पुराव्याला कुचकामी असतात.

शेवटी खोलीनिहाय यादी करा आणि तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या. तो सही करत नसेल तर तिथूनच यादीचा फोटो त्याला व्हॉट्सॲप करा: ‘आज तुमच्यासमोर पाहिलेल्या त्रुटी.’

काम उशिरा झालं असेल तर आणखी एक काळजी घ्या. ठरलेल्या वेळेतच काम होणं हा कराराचा गाभा असेल आणि तरीही तुम्ही उशिरा झालेलं काम स्वीकारलं, तर स्वीकारतानाच ‘उशिराची भरपाई मागणार आहे’ असं कळवावं लागतं. करार कायद्याचं कलम ५५ तसं सांगतं. गृहप्रवेशाला हसतमुखाने पेढे दिले आणि दोन महिन्यांनी उशिराचा दंड मागितला, तर तो मिळणं कठीण.

चौथा टप्पा: दुरुस्तीची संधी

ज्याने काम बिघडवलं त्यालाच परत घरात घ्यायची इच्छा नसते, ते समजतं. तरीही एक वाजवी संधी द्या. कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान ठरवताना ते टाळायला तुमच्याकडे कोणते मार्ग होते, हेही पाहिलं जातं. स्वतःच्या खर्चाने चूक सुधारायला तयार असलेल्या माणसाला दार बंद करून तुम्ही दुप्पट दराने दुसरा माणूस लावलात, तर तो वाढीव खर्च मिळेल असं गृहीत धरू नका. यादी, पंधरा दिवसांची मुदत, आणि घर कोणत्या वेळी उघडं मिळेल, एवढं लिहून पाठवा. विजेच्या धोक्याची किंवा खालच्या घरात गळतीची बाब असेल तर पंधरा दिवस थांबू नका. दोन दिवस द्या, फोटो काढा आणि दुसऱ्याकडून करून घ्या. जुना खराब माल फेकून न देता बाजूला ठेवा.

पाचवा टप्पा: उणिवेची किंमत

मुदत संपली आणि कुणी आलं नाही. आता दोन वेगवेगळ्या कारागिरांकडून फक्त त्या दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या. वादाची रक्कम मोठी असेल तर स्थापत्य अभियंता किंवा वास्तुविशारद यांच्याकडून तपासणीचा अहवाल घ्या. त्याचं शुल्क खर्चात धरून मागता येतं. दुरुस्तीच्या नावाखाली दर्जा वाढवू नका. साध्या टाइलच्या जागी इटालियन मार्बलचं कोटेशन जोडलं की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

समजा, एकूण काम ६,४०,००० रुपयांचं होतं. तुम्ही ४,८०,००० दिले आहेत, म्हणजे बाकी १,६०,०००. बाथरूमची फरशी उखडून उतार नव्याने काढायला ४६,०००, कपाटाच्या झडपांना १८,०००, हॉलच्या रंगाला ९,०००. एकूण ७३,०००. थांबवायचे ७३,००० आणि द्यायचे ८७,०००. हे ८७,००० दिलेत की प्रकरणाचा रंगच बदलतो. कॉन्ट्रॅक्टरने त्या पैशातून सुताराची आणि रंगाऱ्याची मजुरी द्यायची असते. तुमच्या भांडणात त्या माणसांचा काही दोष नसतो, आणि माझ्या मते ही रक्कम वेळेत देण्यामागे कायद्याइतकंच तेही कारण असायला हवं.

सहावा टप्पा: पत्र आणि पैसे एकाच दिवशी

रक्कम बँकेतून पाठवा, रोख नको. त्याच दिवशी ईमेल, व्हॉट्सॲप आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा. पत्र साधं असावं:

‘आपण दि. ___ च्या कोटेशनप्रमाणे केलेल्या कामाचे रु. १,६०,००० बाकी आहेत. दि. ___ रोजी आपल्या उपस्थितीत झालेल्या तपासणीत सोबतच्या यादीतील त्रुटी आढळल्या. त्या दूर करण्यासाठी दि. ___ च्या पत्राने १५ दिवसांची मुदत दिली होती, परंतु दुरुस्ती झाली नाही. जोडलेल्या कोटेशननुसार दुरुस्तीचा खर्च रु. ७३,००० आहे. ही रक्कम वजा करून रु. ८७,००० आज आपल्या खात्यात जमा केले आहेत. या हिशेबाबाबत आपलं काही म्हणणं असल्यास सात दिवसांत कागदपत्रांसह कळवावं. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.’

यात ‘फसवणूक’, ‘चोर’, ‘बघून घेईन’ असे शब्द नकोत. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकून मजकूर फिरवू नका, बदनामीची वेगळी तक्रार ओढवून घ्याल.

चेकबद्दल विशेष सावध राहा. अंतिम बिलाचा चेक देऊन नंतर बँकेत ‘स्टॉप पेमेंट’ करणं हा अनेकांना सोपा उपाय वाटतो. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली असा चेक परत गेला तरीही फौजदारी तक्रार होऊ शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय देणं होतं असं न्यायालय गृहीत धरतं आणि नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवू शकतो आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्हाला पैसे द्यावे लागतात. ही नोटीस आली तर त्याच आठवड्यात वकील गाठा. आणि मुळात काम तपासून होईपर्यंत पुढच्या तारखेचा चेक देऊ नका.

सगळेच पैसे थांबवणं कधी योग्य?

कॉन्ट्रॅक्टर काम अर्धवट टाकून गेला आणि परत येणार नाही हे त्याच्या शब्दांतून किंवा वागण्यातून स्पष्ट झालं, तर करार कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे तुम्ही करार संपवू शकता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं आणि पहिल्याच पावसात पाणी पूर्वीसारखंच आत आलं, तर ‘बोल्टन’सारखा युक्तिवाद करता येतो, कारण त्या कामाचा दुसरा काही उपयोगच नसतो. दोन्ही वेळा पंचनाम्यासारखे तारखेचे फोटो आणि तज्ज्ञाचा अहवाल आधी, दुसरा माणूस नंतर.

सातवा टप्पा: प्रकरण पुढे गेलं तर

वकिलाची नोटीस आली तर उत्तर द्या. गप्प राहिल्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध काढला जाऊ शकतो.

घरगुती कामासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ असतो आणि घरबांधणीशी संबंधित काम ‘सेवा’ असते, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणातच स्पष्ट केलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहा.

मला स्वतःला लोकअदालतीचा मार्ग अशा वादांसाठी जास्त योग्य वाटतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे खटला भरण्याआधीच अर्ज करता येतो. तिथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसतं. सत्तर हजारांसाठी दोघांनीही वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मुदतींचा हिशेब मात्र डोक्यात ठेवा. ग्राहक आयोगात जायला तुमच्याकडे कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात. कॉन्ट्रॅक्टरला दिवाणी दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षं मिळतात. ‘तो काही करत नाहीये, मग आपण कशाला’ असं म्हणत बसलात तर तुमची दोन वर्षं निघून जातात आणि तिसऱ्या वर्षी त्याचा दावा येतो. तेव्हा उणिवांचा मुद्दा बचावात मांडता येतो, प्रतिदावाही करता येतो, पण आयोगाचा सोपा मार्ग गेलेला असतो.

काम धंद्यासाठी असेल तर

दुकान, ऑफिस किंवा कारखान्याचं काम असेल तर तुम्ही सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. आणि समोरचा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा लागू होऊ शकतो. त्यात माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तुम्ही ती स्वीकारली असं धरलं जातं. पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बांधकामासारख्या मिश्र कंत्राटांना हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांत बरेच वाद झाले आहेत. तो वाद वकिलांवर सोडा आणि तुम्ही पंधरा दिवसांत हरकत लिहून मोकळे व्हा.

तडजोडीचा कागद

शेवटी बहुतेक प्रकरणं मधल्या कुठल्यातरी आकड्यावर मिटतात. मिटवताना एक पानी कागद करा: किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, कोणत्या त्रुटी त्यात मिटल्या आणि कोणी कोणती तक्रार मागे घ्यायची. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द घालण्याआधी थांबा. वॉटरप्रूफिंग, प्लायची वाळवीपासूनची हमी, विजेची जोडणी यांचे दोष उशिरा बाहेर येतात. ‘या तडजोडीमुळे वॉटरप्रूफिंगच्या दि. ___ पर्यंतच्या हमीला बाधा येत नाही’ अशी ओळ वेगळी लिहून तिच्याखालीही सही घ्या, आणि हमीची तारीख निदान एक पूर्ण पावसाळा ओलांडून जाईल अशी ठेवा.